आठवीची उजळणी: व्याख्या पाठ आहेत, चुकाही पाठ आहेत. काय करावे?

यावल_शाळा

एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला तीन आठवडे उरलेत. शालेय क्षमता चाचणीच्या ९० प्रश्नांत ३५ विज्ञानाचे, वर भूगोल सामाजिक शास्त्रांत. पुस्तक दोनदा वाचून झाले, व्याख्या पोरांच्या तोंडावर आहेत. तरी सराव चाचणीत अर्धा वर्ग त्याच त्या ठिकाणी घसरतो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात म्हणे. सूर्य जवळ आला की उन्हाळा. काळी माती सगळी तापीने वाहून आणली. जड वस्तू बुडते, हलकी तरंगते. माठाची माती थंड असते म्हणून पाणी गार होते. जाताना ताशी ४० आणि येताना ६०, तर सरासरी चाल ५०.

शाळेत दोन तापमापी आहेत, एलईडी बल्ब आहे, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा मिळेल. पटांगण मोठे आहे. एवढ्यावर काय काय करून घेता येईल? रोज दीड तास हातात आहे.

सावलीकाठी (जळगाव)

ताई, व्याख्यांवर आता एकही तास घालवू नका. ऋतूंची आणि चंद्राची चूक बहुतेक वेळा आकृतीतून येते. पृथ्वीची कक्षा तिरकस कोनातून काढलेली असते, म्हणून ती अंड्यासारखी लांबट दिसते. मग मूल स्वतःच अर्थ लावते: जवळ तेव्हा उन्हाळा. प्रत्येकाला कंपासने १० सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढू द्या आणि सूर्य केंद्रापासून पावणेदोन मिमी बाजूला मांडू द्या. प्रमाणात काढलेली खरी कक्षा ती एवढीच. मग फळ्यावर दोन आकडे लिहा. उपसूर्य (पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ) जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किमी. अपसूर्य (सर्वांत दूर) जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किमी. रावेर-यावलकडे थंडीने केळीची निसवण (घड बाहेर पडणे) अडकते, त्याच दिवसांत सूर्य सर्वांत जवळ असतो. हे वाक्य तुमच्या पोरांना समजावून सांगावे लागणार नाही.

खरे कारण पटांगणात मोजून घ्या. १ मीटर उंचीची सरळ काठी सपाट जागी उभी करा. बांबू चालेल, तुराटीही चालेल. पऱ्हाटी वाकडी असते, ती नको. सव्वाअकरापासून सव्वा वाजेपर्यंत दर १० मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत लहान सावली १२ वाजता पडणार नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्ताची आणि आपण ७५.५° च्या आसपास. ७ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटे, म्हणून सुमारे २८ मिनिटे उशीर. त्यात ऋतुमानाने थोडे इकडेतिकडे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२:११ च्या सुमारास, फेब्रुवारीत १२:४२. सध्या १२:१८ धरा. रेखावृत्त आणि वेळेचे गणित इथेच होऊन जाते.

लांबीचे म्हणाल, तर २१° उत्तर अक्षांशावर १ मीटर काठीची मध्यान्हीची सावली संपातदिनी (दिवस-रात्र समान असतात तेव्हा) ३८ सेंमी असते, २२ डिसेंबरला ९८ सेंमी. आता डिसेंबरच्या सुरुवातीला ९५ च्या जवळपास यायला हवी. २१ जूनला ती जेमतेम ४ सेंमी असते, आणि दक्षिणेकडे पडते! आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून सूर्य तेव्हा डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. शून्य सावली वर्षातून दोनदा येते, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. मेमध्ये नंदुरबारला ती धुळ्यापेक्षा दोन-तीन दिवस उशिरा येते. जुलैतली बहुधा ढगांत जाते.

डिसेंबरात मध्यान्हीही सूर्य ४५° च्या आसपासच चढतो, त्यामुळे तेवढेच ऊन सुमारे १.४ पट जमिनीवर पसरते. दिवसही १० तास ५० मिनिटांचा, जूनमध्ये १३ तास २५ मिनिटांचा. अक्षाचा २३.५° कल या दोन आकड्यांतून बोलतो.

आता चंद्र. कला कशा होतात हे मुलाने स्वतः गोल फिरून पाहिले पाहिजे. बल्ब म्हणजे सूर्य, मुलाचे डोके पृथ्वी, गोळा चंद्र. खोली अंधारी करा, बल्ब मुलाच्या डोक्याच्या उंचीवर एका कोपऱ्यात लावा. मुलाने काडीला टोचलेला पांढरा थर्माकोलचा गोळा (४-५ सेंमीचा) हात लांब करून धरायचा आणि डावीकडे वळत राहायचे. बल्बकडे तोंड असताना अमावास्या, पाव फेरीला शुद्ध अष्टमी, बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा. चुनकाम केलेल्या भिंतीवरून उजेड परततो आणि काळी बाजूही उजळते. मागे गडद चादर लावा.

घरचा अभ्यास एकच द्या. शुद्ध तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला चंद्र कुठे आहे ते पाहायचे. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १०°. चंद्र रोज १३° पूर्वेला सरकलेला दिसेल, एक मूठ आणि वर थोडे. एका रात्रीत तो पश्चिमेकडे जातो आणि दिवसागणिक पूर्वेकडे, या दोन गोष्टींची गल्लत हमखास होते. पहिली पृथ्वीच्या परिवलनामुळे, दुसरी चंद्राच्या परिभ्रमणामुळे.

डाइक_धुळे

खडकांबद्दल लिहितो. वर्गातल्या पोरांना ज्वालामुखी म्हटले की शेंड्यातून धूर निघणारा डोंगरच डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा बेसाल्ट तसा आलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरले. धुळे-नंदुरबार पट्ट्यात त्या भेगा आजही दिसतात: शेतांमधून सरळ रेषेत जाणारे काळे, भिंतीसारखे कणे, बरेचसे पूर्व-पश्चिम. त्यांना डाइक म्हणतात. भेगेतच शिलारस गोठला, आजूबाजूचा खडक झिजला, हा टिकला. अंतर्निर्मित अग्निजन्य खडकाचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

काळ्या मातीचा घोळ असा सोडवा. रेगूर, म्हणजे ही काळी माती, बहुतांश जागच्या जागी बेसाल्ट कुजून तयार होते. तापीकाठचा गाळ वेगळा, तो वाहून आलेला. तापी मुलताईजवळ उगम पावून ७२४ किमी पश्चिमेकडे सुरतजवळ समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या गोदावरी-कृष्णा पूर्वेला जातात आणि ही पश्चिमेला, कारण ती सातपुडा आणि अजिंठा-सातमाळा यांच्यामधल्या खचलेल्या पट्ट्यातून वाहते. खचदरी हा शब्द नकाशावर बोट ठेवून शिकवा.

प्रयोग हवा असेल तर दोन बाटल्या घ्या. एकीत वावरातली काळी माती, दुसरीत नदीकाठची, दोन्ही एक तृतीयांश. वर पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर, मग ५ मिनिटे जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. फेस निघेल, त्याला घाबरू नका. काळ्या मातीची ओली पट्टी १०० मिमीच्या साच्यात घालून सावलीत वाळवली तर १०-१५ मिमी आखडते. उन्हाळ्यात वावराला भेगा का पडतात, ते मुले पट्टीने मोजतील.

आणखी एक. खडकाच्या पोकळीत पांढरा खडा दिसला की सरसकट गारगोटी म्हणतात. काचेवर ओरखडा काढून पाहा. ओरखडा उठला तर गारगोटी. नाही उठला आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसला तर कॅल्साइट. दोन्ही नसेल तर बहुधा झिओलाइट हे खनिज. जळगाव जिल्हा त्यासाठी नावाजलेला आहे. आम्ल शिक्षकांनीच टाकावे, मुलांच्या हाती देऊ नये.

यावल_शाळा

सावलीकाठी, आज दोन्ही करून पाहिले. सावली ९५ ऐवजी ९९ सेंमी आली. आणि चंद्राच्या प्रयोगात पौर्णिमा येतच नाही, गोळा काळा पडतो. पोरं म्हणाली, बघा बाई, पृथ्वीचीच सावली पडते!

सावलीकाठी (जळगाव)

काठी उत्तरेकडे कललेली असणार. टोक ४ सेंमी झुकले की सावलीही तेवढीच वाढते, आणि एवढा कल डोळ्यांना कळत नाही. ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहा. दुसरे, सावलीचे टोक दीडेक सेंमी धूसर असते, कारण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. काठीच्या टोकाला ५ मिमी छिद्राचा पुठ्ठा लावा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. उंची मोजायची ती छिद्रापर्यंतची.

गोळा काळा पडतो कारण तो डोक्याच्या सावलीत येतो. तुम्ही ग्रहण दाखवलेत, आणि ते बरेच झाले. गोळा डोक्याच्या वर उचलून धरायला सांगा, पौर्णिमा लख्ख दिसेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५° कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. आता पोरांना विचारा: अष्टमीला पृथ्वी चंद्र आणि सूर्य यांच्यामध्ये असते का? नसते. मग तिची सावली चंद्रावर येईल कुठून? या एका प्रश्नावर ती चूक संपते.

कॅलेंडरही कामाला लावा. संकष्टीचा चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास का असतो? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताला उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशीर, चतुर्थीपर्यंत तीनेक तास. छापलेली वेळ मुंबईची असेल तर आपल्याकडे साधारण १० मिनिटे आधी उगवतो, पुन्हा तेच रेखावृत्ताचे गणित.

प्रयोगवही (भुसावळ)

उरलेले तीन माझ्याकडे. आधी घनता. वजनकाट्यावर पाण्याचा रुंद डबा ठेवून काटा शून्य करा. बेसाल्टचा दगड आधी कोरडा तोलून घ्या, मग दोऱ्याने पूर्ण बुडेल असा लटकवा. दोरा हातात किंवा स्टँडला बांधा, काट्यावर त्याचा भार यायला नको. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंमी दगडाचे आकारमान. २९० ग्रॅमच्या दगडाला १०२ दाखवले तर घनता २.८४. पाणी दगडाला जेवढे वर ढकलते, तेवढाच दगड पाण्याला खाली ढकलतो. तेच काट्यावर येते. दगड तळाला टेकला तर आकडा एकदम उडी मारतो, ते मोजमाप रद्द. सच्छिद्र दगड घेतला तर घनता कमी येते. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची.

त्याच डब्यात ८० ग्रॅमची स्टीलची वाटी तरंगत ठेवा. काटा ८० दाखवतो. तीच वाटी दोऱ्याने बुडवून लटकवा, फक्त १० दाखवेल. वाटी तीच, वजन तेच, बाजूला सारलेले पाणी वेगळे. ‘जड बुडते’ म्हणणाऱ्या मुलाकडूनच हा प्रयोग करून घ्या.

माठासाठी दोन्ही तापमापी आधी एकाच पाण्यात बुडवून पाहा. शाळेच्या तापमापींत अंशाचा फरक सर्रास असतो, तो लिहून ठेवा. मग एकीच्या फुग्याला पातळ सुती कापडाचा एकच वेढा द्या, त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा, दोन्हींवर पंख्याचा वारा घ्या आणि ५ मिनिटांनी वाचा. सध्याच्या हवेत, समजा २८° आणि आर्द्रता ३५ टक्के, ओली तापमापी १८° च्या आसपास उतरते. मे महिन्यात ४३° आणि १५ टक्के आर्द्रतेला ती २३° पर्यंत येते, तब्बल २० अंशांची घट. ऑगस्टात ३०° आणि ८० टक्क्यांना जेमतेम ३ अंश, म्हणून तेव्हा कूलर नुसता दमट वारा फेकतो. माती तीच असते, फरक बाष्पीभवनाचा. हिशोबही सोपा आहे: १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी लागतात. ४ लिटरच्या माठातून ५० ग्रॅम पाणी उडाले तर २९,००० कॅलरी गेल्या. त्या सगळ्या आतल्या पाण्यातून गेल्या असे धरले, तर ते सुमारे ७ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरून उष्णता आत येत राहते, म्हणून घट कमी दिसते.

सरासरी चालीला जळगाव-भुसावळ २४ किमी घ्या. जाताना ताशी ४०, म्हणजे ३६ मिनिटे. येताना ६०, म्हणजे २४ मिनिटे. ४८ किमीला बरोबर एक तास, सरासरी चाल ४८. ताशी ४० ने गाडी जास्त वेळ चालली, म्हणून उत्तर ४० कडे झुकते. लगेच पुढचा प्रश्न विचारा: सरासरी वेग किती? विस्थापन शून्य, म्हणून शून्य. चाल आणि वेग यांचा फरक याच उदाहरणात पक्का होतो.

डाइक_धुळे

प्रयोगवही भाऊ, एक भर. दगड लटकवायला सुती दोरा नको, तो पाणी ओढतो आणि दगड लहान असेल तर ग्रॅमभराची चूक होते. मासे धरायच्या गळाची नायलॉनची बारीक दोरी घ्या. आणि दगड निदान २०० ग्रॅमचा तरी असू द्या. १ ग्रॅमच्या काट्यावर ३० ग्रॅमचा खडा तोलला तर आकारमान १० किंवा ११ येते, घनता ३.० की २.७ तेच ठरत नाही.