सॉक अर्ध्यावरच अडतो! दोघांनीच स्पिनेकर उतरवायचा कसा?

दर्यावेडी: आमची बोट ३४ फुटी, वर मी आणि नवरा दोघंच. मागच्या वाऱ्यासाठी सॉकवाला (म्हणजे शीड झाकून मिटवणारी लांब कापडी नळी असलेला) असिमेट्रिक स्पिनेकर आहे, ते फुगणारं मोठं, हलकं शीड. चढवताना काही त्रास नाही. उतरवताना मी सुकाणूवर, तो नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला), आणि सॉक निम्म्यावर येऊन हटून बसतो. नवरा अक्षरशः सॉकच्या दोराला लोंबकळतो! आणि किती वाऱ्यापर्यंत हे शीड ठेवावं?

शिडकाका: ताई, दोष सॉकचा नाही. शिडात वारा भरलेला असताना तो खाली येणारच कसा? आधी शिडातला जीव काढायचा, मग सॉक ओढायचा. बोट वाऱ्यासोबत पळू द्या. स्पिनेकर मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) आडोशाला आला की मलूल पडतो. मग तुम्ही शीट (शिडाचा कोपरा ताणून धरणारा दोर) सोडा, हात राखून नाही, शीड फडफडेपर्यंत. त्यांनी तोवर थांबायचं. ओढताना डेकवर बसूनच, आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही म्हणजे नाही. तो दोर डेकवरच्या ब्लॉकमधून (कप्पीतून) फिरवून घेतला, तर शिडाने झटका दिला तरी माणूस वर उचलला जात नाही.

आता वारा. पाठीवर वारा असताना अंगाला लागणारा आकडा फसवतो. खरा वारा १६ नॉट (ताशी सागरी मैल), बोट ७ नॉट, तर जाणवतो ९. सगळं कसं निवांत! बोट वाऱ्याकडे वळली की तोच विशीच्या घरात जातो, आणि वारा दुप्पट तर जोर चौपट. म्हणून खरा वारा बघा. दोघंच असलो की आमच्याकडे १५ नॉटला शीड खाली, चर्चा नाही. रेसवाले हसतील, हसू देत. त्यांच्याकडे ओढायला आठ जण असतात.

उलटा_वारा: काका, वाऱ्यासोबत पळवा म्हणताय, पण मग बूम, मेनसेलच्या खालचा आडवा दांडा? जरा सुकाणू चुकलं की अपघाती जाइब, म्हणजे मेनसेल झटक्यात दुसऱ्या बाजूला, आणि बूम डोक्यात.

शिडकाका: बरोबर धरलंत. प्रिव्हेंटर, म्हणजे बूम जागेवर धरणारा दोर, आधी बांधायचा. बूमच्या टोकापासून नाळेवरच्या ब्लॉकमधून कॉकपिटपर्यंत (सुकाणूच्या जागेपर्यंत), म्हणजे सोडायला पुढे जावं लागत नाही. अगदी सरळ पाठीवर वारा घेऊ नका, दहा-पंधरा अंश राखून ठेवा. नाळेवरचा माणूस टिथर (बोटीला बांधून ठेवणारा सुरक्षा-पट्टा) अडकवूनच पुढे जाईल. स्पिनेकर वर असताना कुणी पाण्यात पडलं तर बोट लगेच वळवून मागे आणता येत नाही, आणि तुमच्याकडे तर बोटीवर एकटंच माणूस उरेल.

उलटा_वारा: आणि शीटच्या शेवटाला गाठ नको. जिबच्या (पुढच्या नेहमीच्या शिडाच्या) शीटला मारतात, इथे नाही. बोट आडवी पडली तर शीट सुसाट निघून जाऊ द्यायची. गाठ ब्लॉकमध्ये अडकली की शीड भरलेलंच राहतं.

दर्यावेडी: हे पटलं. पण सॉक खाली आल्यावर हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) कुणी सोडायचा?

शिडकाका: तुम्ही, कॉकपिटमधून. ऑटोपायलट लावा, हातमोजे घाला. दोर आधीच मोकळा पसरून ठेवा, विंचवरचे (दोर गुंडाळायच्या रहाटावरचे) वेढे एकदम काढू नका. नाळेवरून नवरा शीड कवेत घेईल तेवढाच दोर सोडत जायचं. पाण्यात पडलं तर ओढून काढताना दोघांचाही घाम निघेल. आणि सगळे दोर डेकवर आल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका, प्रोपेलर एखादा दोर गुंडाळून घेईल.