17 वर्षांखालचा वर्ल्डकप : गावोगाव फिरलेला बरा, की कतारमध्ये बसवलेला?

सीवूड्सकर

फिफाचा 17 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप आता दर दोन वर्षांनी नाही, दरवर्षी. संघ 24 चे 48 झाले आणि 2025 ते 2029 अशा पाचही स्पर्धा एकट्या कतारला देऊन टाकल्या. पहिली 2025 च्या नोव्हेंबरमध्ये झाली. 25 दिवसांत 104 सामने, म्हणजे मोठ्यांच्या 2026 च्या वर्ल्डकपइतकेच, आणि सगळे दोह्यातल्या अस्पायर झोनच्या आवारात. फायनलमध्ये पोर्तुगालने ऑस्ट्रियाला 1-0 हरवलं. इथल्या किती जणांनी पाहिली? फायनल सोडा, एखादा तरी सामना?

2017 साली हीच स्पर्धा आपल्याकडे होती. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि आमची नवी मुंबई, अशी सहा शहरं. तीन आठवड्यांत 52 सामने आणि साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक, जो या स्पर्धेचा तोवरचा विक्रम होता. डी. वाय. पाटील स्टेडियमला स्पेन-माली सेमीफायनल बघायला नेरूळ स्टेशनपासून माणसांची रीघ लागली होती. त्यातल्या निम्म्यांना माली नकाशात दाखवता आलं नसतं, पण दुसऱ्या हाफमध्ये अख्खं स्टेडियम मालीच्या बाजूने ओरडत होतं.

माझं म्हणणं असं की स्पर्धा फिरती असण्यातच तिचा अर्थ आहे. ती गावात येते म्हणून मैदानं नीट होतात, पालिका जागी होते, पोरं टीव्हीवरचा खेळ डोळ्यांनी बघतात. महाराष्ट्र सरकारने त्या वर्षी 15 सप्टेंबरला शाळाशाळांत फुटबॉल वाटून एकाच दिवशी लाखो पोरांना मैदानात उतरवलं होतं, ते काय कतारमधल्या स्पर्धेसाठी केलं असतं? एकाच आवारात पाच वर्षं भरणाऱ्या स्पर्धेला मी वर्ल्डकप म्हणत नाही. ते शिबिर झालं.

पेठकरी_कोल्हापूर

भावा, शिबिर तर शिबिर. पोराला खेळायला मिळालं ना?

मी शाळेतल्या पोरांना शिकवतो, त्यामुळे हा हिशोब मला तोंडपाठ आहे. 2017 च्या स्पर्धेला अट होती 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतरचा जन्म. 2019 ला 2002. मग 2001 सालच्या पोरानं जायचं कुठं? त्याला 2017 लाच, वर्षानं मोठ्या पोरांच्या अंगावर जाऊन जागा मिळवायला लागणार. सोळाव्या आणि सतराव्या वर्षातला फरक बघायचा असेल तर पोरांच्या मांड्या बघा. वर्ल्डकपमध्ये भारताचा पहिला आणि आजवरचा एकमेव गोल करणारा जॅक्सन सिंग 2001 चाच, पण असा एखादाच निघतो. बाकीची विषम सालातली पोरं नुसत्या जन्मतारखेपायी गळायची. 2005 वाल्यांचं तर 2021 ची स्पर्धाच कोरोनात रद्द झाल्यानं पुरतं वाटोळं झालं.

दरवर्षी स्पर्धा म्हटल्यावर हा अन्याय संपला. जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरवाल्यापेक्षा झुकतं माप मिळतंय, ते मिळणारच, पण अख्खं साल तरी बाद होत नाही.

तुमच्या त्या 15 सप्टेंबरचे बॉल आमच्याकडंही आले होते. दिवाळीपर्यंत हवा गेली.

सीवूड्सकर

बॉलमधली हवा गेली हा दोष बॉल वाटणाऱ्यांचा, स्पर्धेचा नाही.

आणि संधीचं म्हणाल तर 48 संघांची संधी कशी असते तेही पाहिलं. मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाला 16-0 हरवलं. सोळा! स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय. त्या पोरांना यातून काय शिकायला मिळालं? हाच न्यू कॅलेडोनिया 2017 ला कोलकात्यात जपानशी 1-1 बरोबरी करून गेला होता.

मडगांवकार

त्याच 2017 ला फ्रान्सने त्यांना 7-1 आणि होंडुरासने 5-0 धुतलं, ते का गाळलं बाबा?

आणि कतारची दुसरी बाजू पण सांग. युगांडा पहिल्यांदाच आलेला संघ, त्यांनी फ्रान्सला 1-0 हरवलं. 24 संघांच्या काळात युगांडा दारातच उभा राहिला असता. आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इराणने जर्मनीला 4-0 ने झोपवलं तेव्हा मी स्टँडात होतो, असले निकाल पोरांच्या स्पर्धेतच दिसतात. लहान देश जितके जास्त येतील तितके हे जास्त दिसणार.

मला फिरत्या स्पर्धेचं प्रेम आहे, पण आयोजनाच्या बाजूने बघ. गुवाहाटीची सेमीफायनल आठवते? पावसाने मैदानाचा चिखल झाला, क्वार्टर फायनलमध्येच चेंडू पुढे सरकेना. ब्राझील-इंग्लंड सामना दोन दिवस आधी उचलून कोलकात्याला नेला. विमानं, हॉटेलं, बंदोबस्त, तिकिटं, सगळं 48 तासांत फिरवलं. कोलकाता होतं म्हणून निभावलं. 2023 ला पेरूची मैदानंच तयार नव्हती म्हणून स्पर्धा काढून घेतली आणि इंडोनेशियाला दिली. त्याच इंडोनेशियाकडून काही महिन्यांपूर्वी इस्रायलच्या सहभागावरून 20 वर्षांखालची स्पर्धा गेली होती, ती अर्जेंटिनात झाली. म्हणजे एका वर्षात दोन वर्ल्डकपचे यजमान ऐनवेळी बदलले. फिरती स्पर्धा म्हणजे दर वेळी नवा जुगार.

नाक्यावरचा_रेफ्री

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी का लावतात, माहीत आहे ना? 1982 च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनमधल्या गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना नक्की किती गोलांनी निकाल लागला की दोघंही पुढे जातील हे आधीच ठाऊक होतं, कारण त्याच गटातल्या अल्जिरियाचा सामना आदल्या दिवशी झालेला. जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलला. तेव्हापासून शेवटची फेरी एकाच वेळी.

आता ही गोष्ट फिरत्या स्पर्धेत काय भावाला पडते बघा. गट एका शहरात ठेवला तर एका वेळी दोन स्टेडियम लागणार. आपल्याकडे एका शहरात एकच. म्हणून 12 ऑक्टोबर 2017 ला भारत-घाना दिल्लीत आणि त्याच क्षणी अमेरिका-कोलंबिया नवी मुंबईत. सोळा-सतरा वर्षांची पोरं दर तीन दिवसांनी खेळणार आणि मधल्या दिवशी विमानात बसणार. अस्पायर झोनमध्ये शेजारच्या मैदानावर शिट्टी वाजली की झालं.

एक गंमत : भारताचे सामने मुळात नवी मुंबईतच ठरले होते. नंतर दिल्लीला हलवले. का ते ज्याने त्याने ओळखावं.

सीवूड्सकर

ते अजून सलतंय, त्यावर मीठ नको.

दोहा_डोंबिवली

मी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस. गेली काही वर्षं नोकरीनिमित्त इथे आहे, नोव्हेंबरात सुट्टीच्या दिवशी पोराला घेऊन गेलो.

दिवसाचा एक पास, आणि एका मैदानावरून दुसऱ्यावर चालत जायचं. मुख्य स्टेडियम सोडलं तर बाकीची सरावाचीच मैदानं, बाजूला तात्पुरते बाक टाकलेले. टचलाइनपासून इतके जवळ की प्रशिक्षक पोरांना काय ओरडतोय ते ऐकू येतं, भाषा कळो न कळो. एका लेफ्ट बॅकला त्याचा प्रशिक्षक दर मिनिटाला हाताने 'आत ये, आत ये' करत होता, पोरगा दमून कमरेवर हात ठेवून उभा. माझ्या शेजारी दोन गोरे गृहस्थ वहीत खुणा करत बसलेले. क्लबांचे स्काऊट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे. सीवूड्सकर, तुमच्या 37 हजारांच्या गर्दीपेक्षा त्या पोराच्या आयुष्यात त्या दोन वह्या जास्त कामाच्या.

पण खोटं कशाला बोलू, वातावरण नव्हतं. गोल झाला की त्या संघाच्या राखीव खेळाडूंचा आरडाओरडा, आणि मग एसीचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. माझ्या पोराने दुसऱ्या सामन्यानंतर विचारलं, बाबा, हे खरंच वर्ल्डकपवाले आहेत ना?

सीवूड्सकर

बघा! हेच तर म्हणतोय. मोठा खेळाडू घडतो तो दबावात. 2017 च्या फायनलला इंग्लंड स्पेनविरुद्ध 0-2 मागे होतं, कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या गच्च भरलेल्या स्टेडियमसमोर 5-2 ने जिंकलं. त्या संघातला फिल फोडेन पुढे मँचेस्टर सिटी आणि इंग्लंडच्या मोठ्या संघापर्यंत पोचला. रिकाम्या बाकांसमोर स्काऊटला पोराचे पाय दिसतात, काळीज दिसत नाही.

डॉक्टरीणबाई

काळीज, दबाव वगैरे चालू द्या, मी हाडांवर बोलते.

या स्पर्धेचा सगळा डोलारा वयावर उभा आहे आणि वय चोरणं हा तिचा जुना रोग. 2009 पासून फिफा मनगटाचा एमआरआय करते. हाताच्या अंगठ्याकडच्या बाजूचं जे लांब हाड, त्याच्या मनगटाजवळच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. ती वाढत्या वयात हळूहळू भरत जाते. भरण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. सहावी, म्हणजे पट्टी पूर्ण भरलेली दिसली, की मुलगा 17 च्या पुढचा धरतात. एक्स-रेऐवजी एमआरआय अशासाठी की निरोगी मुलाला विनाकारण किरणोत्सर्ग देऊ नये. पहिल्याच वर्षी यजमान नायजेरियाला स्पर्धेआधी आपल्याच संघातली बरीच मुलं वगळावी लागली.

हे यंत्र वय सांगत नाही, फक्त 'हा नक्की मोठा आहे' एवढंच सांगतं. पट्टी न भरलेला अठरा वर्षांचा मुलगा आरामात सुटतो. आणि लवकर वयात आलेला खरा सोळा वर्षांचा मुलगा क्वचित अडकतो, त्याचं दुःख कोणी विचारत नाही.

48 संघ गुणिले 21 मुलं, म्हणजे हजाराच्या वर. दरवर्षी. श्रीमंत देश घरूनच सगळ्यांचे स्कॅन करून येतील. ज्या देशात एमआरआयची यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तिथला संघ काय करणार? संख्या वाढवणाऱ्यांनी याचा विचार केला असेल तर उत्तम.

पेठकरी_कोल्हापूर

ताई, आमच्याकडं अजून जन्माच्या दाखल्यावरनंच भांडणं चालतात. पण मुद्दा पटला.

सीवूड्सकर, आता खरं सांगतो मला राग कशाचा येतो. 2017 ला भारत खेळला तो यजमान म्हणून, पात्र ठरून नव्हे. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. पोरांनी जीव तोडून खेळ केला, आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात होता, सगळी पेठ टीव्हीसमोर होती. पण पुढं? इंडियन ॲरोज नावाचा संघ करून पोरांना आय-लीगमध्ये खेळवलं, तो 2022 ला बंद. केंद्रानं त्या स्पर्धेसाठी 120 कोटी मंजूर केले होते, त्यातले 95 नुसते स्टेडियमला. यजमानपदानं स्टेडियमं झाली, संघ झाला नाही.

उलट 2018 बघा. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिसनी शिकवलेला संघ 16 वर्षांखालच्या पोरांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या क्वार्टर फायनलला गेला आणि कोरियाकडून 0-1 हरला. तेव्हा आशियातून चारच जागा, म्हणजे सेमीफायनल गाठणं भाग होतं. एका गोलानं वर्ल्डकप हुकला. आज आशियाला कतार सोडून आठ जागा आहेत. आजच्या नियमानं तीच पोरं क्वार्टर फायनलला पोचली तिथंच वर्ल्डकपला गेली असती! स्वतःच्या पायांनी. 2025 च्या नोव्हेंबरात बिबियानोंच्याच नव्या संघानं अहमदाबादला इराणला 2-1 हरवून सौदीतल्या 2026 च्या 17 वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. तिथं पहिल्या आठात आलं की कतार, असा तो रस्ता. मला हा रस्ता पाहिजे, यजमानपदाची मेहेरबानी नको.

मडगांवकार

बिबियानोचं नाव घेतलंस, आता तुझ्याशी भांडता येत नाही.

सीवूड्सकर

पेठकरी, तुमच्या आठ जागांना माझा विरोध कधीच नव्हता. दरवर्षी घ्या, 48 घ्या. माझं भांडण 'पाच वर्षं एकच गाव' याच्याशी आहे. एक वर्ष कतार, एक वर्ष मोरोक्को, एक वर्ष मेक्सिको. एका शहरात आठ-दहा चांगली मैदानं असलेले देश जगात कमी नाहीत. रेफ्रीसाहेबांचा प्रवासाचा मुद्दाही सुटतो.

नाक्यावरचा_रेफ्री

मैदानं आहेत हो, हमीपत्र कोण देणार? व्हिसा, सुरक्षा, करमाफी हे सगळं सरकारने लिहून द्यावं लागतं आणि पोरांच्या स्पर्धेतून परतावा शून्य. दोन वर्षांतून एकदा यजमान मिळताना मारामार होती, दरवर्षी कुठून आणणार? पाच वर्षं एकदम घ्यायला तयार असलेला एकच श्रीमंत भेटला.

बाकी पंच म्हणून मला कतारची एक गोष्ट आवडली. स्पेन-माली सेमीफायनलला सीवूड्सकर होते म्हणतात, तर त्यांना आठवत असेल : मालीचा लांबून मारलेला फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला आणि गोल दिला नाही. तेव्हा या स्पर्धेत ना गोललाइन तंत्र, ना व्हिडिओ. कतारमध्ये प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात दोनदा दाद मागायची सोय होती. व्हिडिओ खोलीत बसलेले जादा पंच नाहीत, मैदानावरचा पंच स्वतः जाऊन स्क्रीनवर बघतो. दाद खरी ठरली तर संधी शिल्लक. स्वस्त आहे, म्हणून 104 सामन्यांना परवडतं.

दोहा_डोंबिवली

एक मुद्दा सगळ्यांकडून राहिला. क्लब. मोठ्यांच्या वर्ल्डकपला क्लबांना खेळाडू सोडावाच लागतो, या स्पर्धेला तसं बंधन नाही. 2017 ला जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने इंग्लंडच्या सँचोला गटसाखळी संपताच परत बोलावलं, ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबने विनिसियसला पाठवलंच नाही. दर दोन वर्षांनी सोडायला कुरकुर करणारे क्लब दरवर्षी नोव्हेंबरात, ऐन हंगामात, सोडतील का?

सीवूड्सकर

नाही सोडणार. म्हणजे वरचे पाच-दहा हिरे क्लबात, आणि प्रेक्षक घरी. मग राहिलं कोण?

पेठकरी_कोल्हापूर

आमची पोरं राहिली की! त्यांना कुठला क्लब अडवतोय?