गणपतीला दोन मॉर्मन मिशनरी मुलांना घरी बोलवायचंय, काय काय सांभाळावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही तोक्योत एदोगावाला राहतो, इकडे भारतीय कुटुंबं भरपूर त्यामुळे गणपतीत घर भरलेलं असतं. यंदा गणपती सोमवारी बसतायत, १४ सप्टेंबरला, आणि मला दोन मुलांना संध्याकाळी आरतीला आणि जेवायला बोलवायचंय. दोघं मॉर्मन मिशनरी आहेत, म्हणजे मॉर्मन नावाच्या ख्रिश्चन पंथाचे धर्मप्रचारक. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, हेल्मेट आणि सायकल, तुम्हीही कुठे ना कुठे बघितले असतील. एक अमेरिकेतल्या आयडाहोचा, जेमतेम एकोणीस वर्षांचा, आणि दुसरा साप्पोरोचा जपानी मुलगा.

ओळख कशी झाली तर आमच्या मजल्यावरच्या जपानी आजींचं कपाट खाली उतरवायला दोघं आले होते, एक पैसा न घेता, भर उन्हात टायसकट. नंतर जिन्यात भेटत राहिले, मग बोलणं व्हायला लागलं. आम्ही पहिल्याच वेळी स्पष्ट सांगितलं की आमच्या घरी देव आहेत, आम्हाला धर्म बदलायचा नाहीये. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि तरीही भेटले की तितकंच छान बोलतात.

त्यांचा दिवस ऐकून मला फार वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग बायबल आणि त्यांचं मॉर्मनचं पुस्तक वाचायचं, आयडाहोवाल्याला वर जपानीचा अभ्यास, मग दिवसभर सायकलवर. दारं वाजवायची, स्टेशनबाहेर उभं राहायचं, चर्चमध्ये फुकट इंग्रजी शिकवायचं, रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर आणि साडेदहाला झोप. बहुतेक दारं तोंडावर बंद होतात आणि जी उघडतात तिथे आजी-आजोबा प्रेमाने ग्रीन टी पुढे करतात आणि तोही यांना चालत नाही, मग नम्रपणे नको म्हणायचं. देश कुठला मिळणार हे स्वतः ठरवता येत नाही, पत्र येतं आणि निघायचं. दोन वर्षं घरी जायचं नाही, सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही, आणि जोडीदार कायम सोबत, एकट्याने कुठे जायचं नाही. पगार तर नाहीच, उलट खर्च घरचेच भरतात. आयडाहोवाला म्हणाला मी शाळेत असल्यापासून साठवत होतो.

आता माझे प्रश्न.

मी एकदा दुपारी आत या म्हटलं, मी एकटीच होते घरी, तर दोघं दारातच थांबले आणि अवघडून म्हणाले की घरात पुरुषमाणूस नसेल तर आम्हाला येता येत नाही. गणपतीला नवरा सुट्टी घेणार आहे आणि बाकी मंडळीही असतील, मग चालेल ना? की अजून काही नियम आहे?

दुसरं म्हणजे चहा नाही, कॉफी नाही, तर द्यायचं काय? आपल्याकडे आलेल्या माणसाला चहा न विचारता पाठवायचं हे मला जमतच नाहीये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरतीला बोलवणं त्यांच्या धर्माच्या आड येईल का? प्रसाद द्यावा की नको? नको म्हणताना त्यांना अवघडायला होऊ नये एवढंच मला वाटतं. त्यांची दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते, त्यामुळे दिवाळीपर्यंत हेच दोघं इथे असतील असं नाही, म्हणून आत्ताच विचारतेय. अमेरिकेत युटात मॉर्मन लोक खूप आहेत ना, तिथे किंवा जवळपास राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, जरा जपून. गोड बोलून घरात शिरायचं आणि मग हळूहळू पुस्तकं द्यायची ही पद्धतच असते त्यांची. मुलं चांगली असतील पण काम धर्मप्रसाराचंच आहे ना.

प्रतिसाद

मी युटातल्या लीहाय गावात राहते, आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी मिशनवर जाऊन आलंय. वरच्या दादांचं चूक नाही, प्रसार हेच त्यांचं काम आहे आणि ती मुलं ते लपवतही नाहीत. तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंय हे उत्तम झालं, कारण अर्धवट हो-हो केलं की ते आशा धरून बसतात आणि मग दोघांनाही त्रास.

नवरा घरी असेल तर काही प्रश्न नाही. सोमवारच असतो बहुधा त्यांचा मोकळा दिवस, पण मोकळा म्हणजे कपडे धुणं, किराणा, केस कापणं आणि घरी व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळी सहाला परत काम सुरू. त्यामुळे आरती लवकर ठेवा, तासाभरात जेवून निघता येईल असं बघा, गप्पांत रात्र करू नका. जोडीतल्या एकालाच बोलवलं असं कधी करू नका.

चहा म्हणजे काळा आणि ग्रीन दोन्ही नाही, मसाला चहाही नाही. १८३३ पासूनचा नियम आहे त्यांचा, दारू-तंबाखूही त्यातच. पण तुमच्याकडचा मुगिचा, म्हणजे बार्लीचं ते पाणी, त्यात चहाची पत्ती नसते, तो चालतो. कोकम सरबत द्या, पन्हं द्या, मसाला दूध द्या, आनंदाने पितील. पुढे कधी बोलवलंत तर महिन्याचा पहिला रविवार टाळा, त्या दिवशी उपास असतो.

माझ्या शेजारणीचा मोठा मुलगा ब्राझीलला होता तेव्हा वर्षातून दोनदाच फोन, ख्रिसमस आणि मदर्स डे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलू देतात, तेव्हा धाकटा गेला होता. ती मला म्हणाली होती की तिथे कोणीतरी माझ्या मुलाला घरी बसवून जेवायला घालतंय हे कळलं की त्या रात्री मला झोप लागते. त्यामुळे तुम्ही बोलवाच.

आरतीचं मात्र आधी नीट समजावून सांगा की आमची पूजा आहे, तुम्ही बाजूला बसून बघितलंत तरी चालेल, हात जोडायचा आग्रह नाही. प्रसादाचं त्यांनाच विचारा. मी आमच्या शेजाऱ्यांना नैवेद्य दाखवायच्या आधीच मोदक वेगळे काढून देते, म्हणजे त्यांना काही ठरवायला लागत नाही.

धागाकर्ती

ताई मनापासून आभार! मोदक आधीच वेगळे काढायचं मला सुचलंच नव्हतं, तसंच करते. आणि दादा, तुमची काळजी समजतेय, पण माझ्या घरी माझा गणपती बसलेला असताना एकोणीस वर्षांच्या भुकेल्या मुलाला वरण-भात वाढायला मला भीती वाटत नाही. त्याच्या आईला त्याने ताटाचा फोटो पाठवावा असंच वाटतंय.

आरती साडेसहाला करतेय, आठला निघू देते. नवरा आज त्यांना खाली भेटून रीतसर बोलावणं करेल.

आता शेवटचं, इकडे मोदकाची पिठी मिळत नाही, जोशिनकोच्या, म्हणजे जपानी साध्या तांदळाच्या पिठीच्या, उकडीचे मोदक कोणी केलेत का? फुटतात का?

प्रतिसाद

मी योकोहामाची. जोशिनकोच घ्या, छान होतात, पाण्यात चमचाभर तूप घाला आणि उकड गरम असतानाच मळा. शिरातामाको चुकूनही घेऊ नका, ते चिकट तांदळाचं असतं, मोदक बसतात.