पेंडिंग ॲडमिशन: मेल टाकावा की थांबावं?

बी-४०२ (काकू): नमस्कार मंडळी. लेकाचं अमेरिकेतल्या एमएसचं चाललंय, फॉलसाठी (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र). दोन ठिकाणी ॲडमिट आलाय, त्यातल्या एकाला १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचाय. पण ज्या दोन युनिव्हर्सिट्यांवर त्याचा जीव आहे त्यांचा अजून पत्ता नाही. पोर्टलवर नुसतं 'अंडर रिव्ह्यू'. विचारणारा मेल टाकला तर वाईट दिसतं का? ह्यांचं म्हणणं, थेट प्रोफेसरांनाच लिहू या.

ए-७०१ (दादा): काकू, एका सभ्य मेलमुळे कुणी रिजेक्ट करत नाही. पण मेलमध्ये ठोस काही असेल तरच त्याचा उपयोग. 'माझं काय झालं' एवढंच विचारलं तर उत्तर ठरलेलं: रिव्ह्यू चालू आहे, निर्णय झाला की कळवू. आधी प्रोग्रामच्या पानावरची प्रश्नोत्तरं वाचायला सांगा. निर्णय कधीपर्यंत देतात ते बहुतेक वेळा तिथे असतं. ती तारीख उलटली नसेल तर थांबायचं. 'स्टेटस विचारू नये' असं स्पष्ट लिहिलं असेल तर खरंच विचारू नये.

सी-२०३ (ताई): त्याहीआधी पोर्टलमधली चेकलिस्ट उघडा. वर 'सबमिटेड' दिसतं आणि खाली एखादी ओळ 'नॉट रिसीव्हड' असते. असा अर्ज बऱ्याच ठिकाणी कमिटीपुढे जातच नाही, आणि मुलं समजतात की विचार चालू आहे. बहुतेक वेळा तीनच गोष्टी अडतात. एक, रेकमेंडेशन: सरांच्या कॉलेजच्या आयडीवर गेलेली लिंक स्पॅममध्ये पडून असते. दोन, ट्रान्स्क्रिप्टचं एखादं सेमिस्टर अपलोड करायचं राहिलेलं असतं. तीन, जीआरई (प्रवेशपरीक्षा) किंवा टोफेलचा (इंग्रजीची परीक्षा) स्कोअर पोचलेला असतो, पण अर्जाला जोडलेला नसतो.

बी-४०२ (काकू): स्कोअर जोडलेला नसतो म्हणजे? पैसे भरून पाठवलाय की.

सी-२०३ (ताई): नावामुळे, काकू. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, कुठे शेवटी आईचंही नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. टोफेलला एक पद्धत वापरली आणि अर्जात दुसरी, की तिकडच्या सिस्टीमला ती दोन माणसं वाटतात आणि स्कोअर बाजूला पडून राहतो. हा मेल मात्र आजच्या आज टाकायचा. त्यात अर्जाचा आयडी, जन्मतारीख, स्कोअर रिपोर्टवर जसं छापलंय तसं नाव, परीक्षेची तारीख आणि रजिस्ट्रेशन नंबर द्यायचा, सोबत रिपोर्टची पीडीएफ जोडायची.

डी-५०४: 🌹 शुभ प्रभात 🌹 आजचा सुविचार…

सेक्रेटरी (ए-१०२): ५०४, सुविचार दुसऱ्या ग्रुपवर. इथे कामाचं चाललंय.

बी-४०२ (काकू): आत्ताच बघितलं, दोन्हीकडे सगळ्या ओळींवर हिरवी टिकमार्क आहे. मग प्रोफेसरांना लिहायचं का?

ए-७०१ (दादा): नाही. एमएसच्या प्रवेशात एकट्या प्रोफेसरच्या हातात सहसा काही नसतं. तो मेल ऑफिसकडे ढकलतो किंवा वाचतही नाही. तिथे दोन पातळ्या असतात: डिपार्टमेंटची कमिटी शिफारस करते आणि ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे युनिव्हर्सिटीचा पदव्युत्तर विभाग, तिच्यावर शिक्कामोर्तब करतं. डिपार्टमेंटचं ठरलेलं असलं तरी पोर्टल काही दिवस 'अंडर रिव्ह्यू'च दाखवतं. म्हणून विचारायचं ते प्रोग्राम कोऑर्डिनेटरला. खरी यादी त्या माणसाच्या टेबलावर असते. पीएचडीचं वेगळं. तिथे ज्या प्रोफेसरशी आधीपासून बोलणं किंवा इंटरव्ह्यू झालाय त्यांना लिहिलेलं चालतं.

आणि मेल मुलानेच पाठवायचा, अर्जात दिलेल्या आयडीवरूनच. पालकांचा किंवा कन्सल्टंटचा मेल आला तर 'अर्जदाराशीच बोलू' एवढंच उत्तर मिळतं.

सी-२०३ (ताई): मला विचाराल तर पहिला मेल पेंडिंगवाल्यांना नाही, ज्यांनी ॲडमिट दिलाय त्यांना. मुदत थोडी वाढवून मिळेल का, एवढंच विचारायचं. त्यांना तुमचा मुलगा हवाच आहे, म्हणून तर घेतलाय! एखाद-दोन आठवडे पुष्कळदा मिळतात. नाही म्हणाले तरी ॲडमिट काढून घेत नाहीत. ही विचारणा मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी, शेवटच्या रात्री नको.

ई-३०१ (काका): पण १५ एप्रिलच्या आधी कुणी होकार मागूच शकत नाही, असा नियम आहे ना?

ए-७०१ (दादा): काका, तो कायदा नाही. तिकडच्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे, ज्या युनिव्हर्सिट्यांनी सही केलीय त्यांनी पाळायचा. आणि तो आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता आहे: फेलोशिप, असिस्टंटशिप वगैरे. पीएचडीवाल्यांना त्याचा खरा आधार. स्वखर्चाच्या एमएसला तो लागू नाही, तिथे होकारासोबत भरायच्या डिपॉझिटची तारीख युनिव्हर्सिटी स्वतः ठरवते. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, म्हणून दोन्हीकडे भरून ठेवू हा विचार महाग पडतो.

पीएचडीच्या जागा १५ एप्रिलच्या आसपास हलतात, कारण तेव्हा एकाहून जास्त ऑफर असलेली मुलं बाकीच्या सोडतात. इंटरव्ह्यू होऊन गेले आणि मार्चअखेरपर्यंत काहीच कळलं नाही, तर बहुधा वेटलिस्ट किंवा नकार धरायचा. २०२५ च्या वसंतात संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली आणि काही युनिव्हर्सिट्यांनी पीएचडीचे प्रवेशच कमी केले. अशा वर्षी चांगला अर्जही लटकतो.

बी-४०२ (काकू): बरं, समजा मुदत वाढवून दिली नाही. मग पेंडिंगवाल्यांना काय लिहायचं?

सी-२०३ (ताई): विषयाच्या ओळीत प्रोग्रामचं नाव, फॉल आणि साल, अर्जाचा आयडी. आत चार वाक्यं पुरेत:
- अर्ज अमुक तारखेला केला, चेकलिस्ट पूर्ण दिसते.
- दुसऱ्या युनिव्हर्सिटीला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचंय.
- तुमचा प्रोग्राम ही माझी पहिली पसंती आहे. (खरं असेल तरच, आणि एकाच ठिकाणी.)
- त्याआधी निर्णय कळण्याची शक्यता आहे का?

रँक, सीजीपीए, लहानपणापासूनचं स्वप्न, यातलं काही नको. दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव विचारल्याशिवाय सांगू नये. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला असेल किंवा पेपर स्वीकारला गेला असेल तर ते एका ओळीत घाला आणि पुरावा जोडा.

ए-७०१ (दादा): सोमवार-मंगळवारी पाठवा, आपल्या संध्याकाळी. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारनंतर त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. मग न्यूयॉर्कच्या आपण साडेनऊ तास पुढे, कॅलिफोर्नियाच्या साडेबारा. म्हणजे तिकडे सकाळी दहा वाजता आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, किंवा रात्रीचे साडेदहा. पाच ते सात कामाचे दिवस वाट बघून त्याच मेलला एकदा रिप्लाय करायचा. तरी उत्तर नाही आणि मुदत अंगावर आली, तर फोन. रोज एक मेल टाकत बसू नये.

वेटलिस्टवर टाकलं तर तसं कळवतात. तेव्हा 'मला यादीत राहायचंय' हे लगेच लिहून द्यायचं. गप्प बसणाऱ्याचं नाव मागे पडतं.

ई-३०१ (काका): या सगळ्यात लोनचं काय? निर्णय होईपर्यंत थांबायचं?

ए-७०१ (दादा): अजिबात नाही. हातात असलेल्या ॲडमिटवर फाइल सुरू करा. तारण लोन असेल तर टायटल सर्च आणि व्हॅल्युएशनला वेळ जातो, आणि ते फ्लॅटचं असतं, युनिव्हर्सिटीचं नाही. पुढे युनिव्हर्सिटी बदलली तर बँक सँक्शन लेटर सुधारून देते. आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) मिळायला पहिल्या वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम दाखवावी लागते, सँक्शन लेटर आणि एफडी मिळून चालतात. आय-२० उशिरा म्हणजे व्हिसाचा स्लॉट उशिरा. २०२५ च्या मेअखेरीस नव्या इंटरव्ह्यूच्या तारखा देणं काही आठवडे बंदच होतं, तेव्हा जूनवर सगळं टाकू नका.

सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) फी ३५० डॉलर, ती युनिव्हर्सिटी पक्की झाल्यावरच भरा. प्रत्येक आय-२० वर सेव्हिस नंबर वेगळा असतो. भरलेली फी दुसऱ्या नंबरवर वळवता येते, पण उगाच कागदपत्रं वाढतात.

सेक्रेटरी (ए-१०२): काकू, फ्लॅट तारण ठेवणार असाल तर बँक सोसायटीची एनओसी मागेल. अर्ज, शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि बँकेचं पत्र ऑफिसमध्ये द्या. मेंटेनन्सची थकबाकी नसली की कमिटीच्या पुढच्याच मीटिंगला घेतो.

बी-४०२ (काकू): थकबाकी नाही. आजच आणून देते. आणि एक, जी युनिव्हर्सिटी नको आहे तिला काही कळवावं लागतं का?

सी-२०३ (ताई): हो, पोर्टलवर 'डिक्लाइन'चं बटण असतं. पण पक्क्या ठिकाणचं डिपॉझिट भरून पावती आल्यावरच दाबायला सांगा.