अर्थशास्त्रासाठी खासगी विद्यापीठात मुलीला पाठवावं का? (बजेट १२ लाख)

सांगलीची_आई:
नमस्कार मंडळी. मुलीची बारावी कॉमर्स झाली, गणित घेऊन. तिला अर्थशास्त्रच करायचंय, सीए नको म्हणते. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात निवड झालीये. फीत थोडी सवलत आहे, तरी चार वर्षांचा हिशेब आमच्या आवाक्याच्या दुप्पट जातो. पुण्यात फ्लेम विद्यापीठाचा इंटरव्ह्यू झालाय. फर्ग्युसनचा फॉर्म भरलाय. क्लासच्या सरांनी सांगितलं म्हणून बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचीही परीक्षा दिली होती, तिथूनही बोलावणं आलंय.

घरची हळदीची अडत आहे, एक वर्ष बरं तर एक वर्ष पडेल. राहणं, जेवण, प्रवास सगळं धरून चार वर्षांत १२ लाखांच्या वर जाता येणार नाही. धाकटा दहावीत आहे. सासरे म्हणतात खासगी म्हणजे पैसे मोजून डिग्री. दीर म्हणतात, ज्याचं नाव सांगलीत कुणी ऐकलं नाही तिथे कशाला? ज्यांची मुलं शिकली आहेत त्यांनी सांगा.

कोथरूडकर:
फर्ग्युसन. विषय संपला. १८८५ सालचं कॉलेज आहे, मी स्वतः तिथला. नाव सांगितलं की समोरचा पुढे विचारत नाही. अनुदानित तुकडीत जागा मिळाली तर फी काही हजारांत. उरलेल्या पैशात एमए परदेशात करेल.

झुआरीनगर:
ताई, बिट्स पिलानीचा विचार का नाही केला? तेही खासगीच, १९६४ पासून अभिमत दर्जा. माझा मुलगा त्यांच्या गोव्याच्या कॅम्पसला बारावीनंतरचंच एमएस्सी इकॉनॉमिक्स करतोय. मॅनेजमेंट कोटा नाही, डोनेशन नाही, फक्त बिटसॅटचे मार्क. पैसे देऊन डिग्री म्हणणाऱ्यांनी एकदा ती परीक्षा देऊन बघावी. खर्च आहे, पण मुलाच्या शिक्षणात हिशेब करू नये.

सांगलीची_आई:
दादा, बिटसॅटला फिजिक्स-केमिस्ट्री लागतं. ती कॉमर्सची आहे.

झुआरीनगर:
अकरावीलाच सायन्स घ्यायला हवं होतं. असो.

हडपसर_एक्सप्रेस:
मुलींना महाराष्ट्रात फी माफ आहे ना आता? मग प्रश्नच कुठे आला?

निवृत्त_बँकवाला:
हडपसर, ती २०२४ ची योजना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तीही शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्यांना. खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. अर्थशास्त्राच्या बीएला तिचा उपयोग नाही. अर्धवट माहितीवर लोक प्रवेश घेतात आणि मग आमच्या काउंटरवर येऊन रडतात. वीस वर्षं पाहिलंय.

न्यूजर्सीची_मावशी:
अशोकाच. अमेरिकेत हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड सगळी खासगीच आहेत, तिथे कुणी पैसे देऊन डिग्री म्हणत नाही. माझी भाची सोनीपतला शिकून इथे पीएचडीला आली. शिफारसपत्रं लिहिणारे प्राध्यापक बाहेर शिकून आलेले असतात, त्याचा फरक पडतो. एवढ्या अर्जांतून निवड झालीये तर पाठवा गं, पैशाचं होतं काहीतरी.

पोळलेला_बाप:
मावशी, पैशाचं आपोआप काही होत नसतं. आमच्या मुलाला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात घातलं, नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी निम्मी फी माफ. पत्रात बारीक अक्षरात होतं की ठरावीक सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी) राखला तरच पुढे सवलत. दुसऱ्या सेमिस्टरला मुलगा डेंग्यूने पडला, दोन विषयांत घसरला, सवलत गेली. उरलेल्या वर्षांची पूर्ण फी भरली, बायकोचे दागिने गेले. मुलगा आजही म्हणतो, बाबा मी आजारी पडायला नको होतं. ऐकवत नाही.

आणि "निवड झाली"चं फार कौतुक नको. दहा जागांना हजार अर्ज आले की शेकडा एकच प्रवेश. जाहिरात करून अर्ज वाढवले की आकडा आणखी खाली येतो, त्याने शिकवणं सुधारत नाही.

कोथरूडकर:
म्हणूनच म्हणतो, फर्ग्युसन.

न्यूजर्सीची_मावशी:
तुमचं वाईट झालं दादा. पण सगळीकडे तसंच असतं असं नाही. भाचीची सवलत शेवटपर्यंत टिकली.

हडपसर_एक्सप्रेस:
अशोकामध्ये मुलं आंदोलनंच करतात असं ऐकलंय. २०२१ मध्ये तिथले प्राध्यापक प्रताप भानू मेहतांनी राजीनामा दिला तेव्हा किती गाजलं. नोकरी देणारे हे बघतात.

आंबोली:
माझी मुलगी तिथेच तिसऱ्या वर्षाला आहे. मुलं बोलतात, प्रश्न विचारतात, हे खरं. मला ते आवडतं. पण ताई, खरं सांगते, आम्ही दोघं नोकरदार, एकच मूल, तरी दम लागतो. पूर्ण फी भरली तर वसतिगृहासकट वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातं. वर मैत्रिणी सुट्टीत कुठे कुठे फिरायला जातात, तेव्हा पोरीची घुसमट होते. घरी यायला सांगलीपर्यंत गोवा एक्सप्रेस आहे, पण दीड दिवस जातो.

निवृत्त_बँकवाला:
कर्जाचं कुणी बोललंच नाही. सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. घर किंवा दुकान तारण ठेवणार का, हे आधी ठरवा. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. मुलीला नोकरी लागेपर्यंत मूळ रक्कम बरीच फुगलेली दिसेल. आयकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीत.

आता नावाबद्दल. दीर म्हणतात सांगलीत कुणी ऐकलं नाही. नोकरी सांगलीत द्यायची आहे का त्यांना? नाव कुणाच्या कानाला ओळखीचं हवं ते बघा: एमएला प्रवेश देणाऱ्याच्या, नोकरी देणाऱ्याच्या. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीत, भाग घेतलेल्या संस्थांनी किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती, हे कागदावर दिलेलं असतं. सर्वात मोठं पॅकेज बघू नका, मधला आकडा बघा. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने झालेलं असतं, यूजीसीच्या यादीत नाव आहे का ते पाहा. दर्जा तपासणाऱ्या नॅकची श्रेणी नवीन संस्थेला नसेल तर घाबरू नका, तिथे अर्ज करायलाच आधी दोन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात किंवा सहा वर्षं व्हावी लागतात.

आणि सगळ्यांना लेखी तीन प्रश्न पाठवा. सवलत चारही वर्षं आहे का? कोणत्या अटीवर जाते? दरवर्षी फी किती वाढते? फोनवरचं उत्तर धरू नका.

झुआरीनगर:
+१ लेखी घ्या. बिट्समध्येही गुणांवरची सवलत सेमिस्टरच्या निकालावर असते.

कोथरूडकर:
बेंगळुरूचं ते विप्रोवाल्यांचं ना? आयटीवाल्यांना अर्थशास्त्रातलं काय कळतं?

आंबोली:
कोथरूडकर काका, ते फाउंडेशनचं आहे, विप्रो कंपनीचं नाही. पण मलाही वाटतं पुढच्या दृष्टीने नाव अजून व्हायचंय. त्यापेक्षा फ्लेम बरं, सांगलीहून चार-पाच तासांत पोचाल.

पोळलेला_बाप:
मी तर म्हणतो फर्ग्युसनच घ्या. कमीत कमी झोप लागेल.

सांगलीची_आई:
सर्वांचे आभार. बँकवाले काकांचे तीन प्रश्न चौघांनाही पाठवले. सोनीपतचं उत्तर दोन दिवसांत आलं, स्वच्छ होतं, पण रक्कम तीच. फ्लेमचाही खर्च आमच्या आकड्यात बसत नाही. फर्ग्युसनला प्रत्यक्ष जाऊन आलो, प्राध्यापक प्रेमाने बोलले. अनुदानित तुकडीच्या यादीत तिचं नाव लागलं नाही.

आम्ही बेंगळुरू घेतोय. इथे कुणीच ते सुचवलं नाही, माहीत आहे. तिथे घरच्या उत्पन्नावर सवलत ठरते. आमचे कागद बघून त्यांनी फीतही दिली आणि राहण्या-जेवणातही, चार वर्षांचं मिळून १२ लाखांच्या खूप आत बसतं. क्लासच्या सरांनी जतच्या एका मुलीचा नंबर दिला, ती दुसऱ्या वर्षाला आहे, वडील एसटीत. दीड तास बोलली. गावात जाऊन पाहणी करायला लावतात, लिहायला फार लावतात, इंग्रजीची पहिले सहा महिने भीती वाटते, म्हणाली. माझ्या मुलीने फोन ठेवला आणि म्हणाली, आई, मला हेच हवंय. सासरे अजून बोलत नाहीयेत. दिरांना मी सांगितलं, आजवर तुम्ही नाव ऐकलं नव्हतं, आता पुतणीकडून ऐकाल.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीयेत. बेंगळुरूत कुणी असेल तर एवढं सांगा, स्टेशनपासून सर्जापूरकडे सामान घेऊन बसने जाता येतं का, की रिक्षाच करावी लागते? गादी इथून न्यावी का?