मदत हवी आहे: जिवाणूतल्या डीएनएची घडी आणि एच-एनएस प्रथिन

मंडळी, मी निपाणीचा, बेळगावात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा डीएनए सुमारे १.५ मिलिमीटर लांब, पेशी जेमतेम २ मायक्रॉन, म्हणून काही प्रथिनं त्याची घडी घालतात. आयएचएफ प्रथिन ठरावीक जागी डीएनएला जवळजवळ यू-टर्न घ्यायला लावतं, एचयू प्रथिन चिकटताना फारशी जागा बघत नाही, मुकबीईएफ हा प्रथिनांचा संच डीएनएचे मोठे लूप (फास) ओढतो, इथवर समजलं. घोडं अडलंय एच-एनएसपाशी. कधी ते डीएनएचे दोन दुपदरी धागे जोडतं, कधी एकाच धाग्यावर पसरून त्याला ताठ करतं. प्रयोगात हे मॅग्नेशियमवर ठरतं, पण जिवंत पेशीत मॅग्नेशियम तेवढं बदलतं का? की दुसरं एखादं प्रथिन हे ठरवतं? शिवाय मॅटपी प्रथिन मुकबीईएफला टर भागातून (जिथे डीएनएची नक्कल संपते) हाकलतं, ते कशासाठी? खानापूर-बेळगावकडे कुणी जाणकार असेल तर भेटायला येतो. मराठीत सांगा, कन्नडही चालेल.