जुना रेकॉर्ड प्लेअर हळू फिरतोय: रबरी चाक की मोटर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, साखर पेठेत राहतो. वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली काढला. मिनिटाला 16, 33 (नेमके 33⅓), 45, 78 फेऱ्या असे चार वेग आहेत. पट्ट्यावर चालणारा नाही. मोटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शाफ्टला रबरी चाक टेकतं आणि तेच चाक थाळीच्या आतल्या कडेला लागून थाळी फिरवतं.

पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी नाट्यपदांची रेकॉर्ड लावली आणि पेटी घेऊन बसले. दोन ओळी झाल्या आणि म्हणाले, "अरे, हे काळी एकचं पद आहे, पांढरी एकच्या जरा वरच कसं लागतंय?" या पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, म्हणजे सूर उतरलेला. वय 81, पण कान पक्का आहे त्यांचा.

मग मी मोजलं. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाईलवर वेळ लावली. 33⅓ ला 100 फेऱ्या बरोबर 3 मिनिटांत व्हायला हव्यात. सुई उचललेली असताना 3 मिनिटं 3 सेकंद लागले, सुई रेकॉर्डवर टेकवली की 3 मिनिटं 9 सेकंद. म्हणजे जवळपास पाच टक्के कमी, अर्ध्या सुराच्या आसपास. सुरुवातीची दहा मिनिटं तर याहूनही वाईट.

शेजारी यंत्रमाग आहेत, म्हणून आधी व्होल्टेजवर संशय होता. माग चालू असताना मीटर 205 दाखवतो, रात्री ते बंद झाले की 230. पण रात्री मोजलं तरी 3 मिनिटं 6 सेकंद. त्यामुळे सगळा दोष विजेचा नाही.

रबरी चाक नखाने दाबून पाहिलं, प्लास्टिकसारखं कडक झालंय. कड चकचकीत आहे आणि एका जागी खळगा पडलाय. वर्षानुवर्षं 33 वरच अडकवून ठेवलेलं होतं, त्याचा हा परिणाम. दर फेरीला बारीक 'ठक' ऐकू येतं. चाक, शाफ्ट आणि थाळीची आतली कड स्पिरिटने पुसली, त्याने दोन दिवस फरक पडला, मग पुन्हा तेच. मोटर अजून उघडलेली नाही. आतलं ग्रीस वाळलं असणार, कारण वीज बंद करून शाफ्ट हाताने फिरवला तर जड लागतो.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, "मोटर काढून डीसी मोटर बसवा." मला ते मुळीच करायचं नाही.

माझे प्रश्न:

मोटरच्या बुशातलं (शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्यातलं) जुनं ग्रीस कशाने धुवावं, आणि नंतर शिलाई मशीनचं तेल चालेल का?

चाकावर नवीन रबर चढवून कोणी घेतलंय का? चाकाच्या व्यासाने वेग बदलत नाही, तो शाफ्ट आणि थाळीच्या व्यासांवर ठरतो, हे मला समजलंय. म्हणजे चाक अचूक गोल आणि मऊ असलं की पुरे. मागाच्या रोलरना रबर चढवणारे इथे आहेत, पण एवढं लहान काम ते घेतील का?

आणि आधी काय करू, मोटर की चाक? दोन्ही एकदम केलं तर दोष नेमका कुठे होता ते कळणार नाही.

मोटरचे आणि चाकाचे फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो.